दहा पायांचा भाडेकरू

माझ्या सासऱ्यांना माझं काम कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. संग्रहालयात खेकडे-कोळंब्यांचा विभाग माझ्याकडे आहे. कोण कुणाच्या कुळातला, हे ठरवणं माझं काम. "म्हणजे लग्नं जुळवतेस का त्यांची?" असं विचारून बाबा स्वतःच हसतात.

एका शनिवारी मी जमिनीवर राहणारा, रिकाम्या शंखात घर करणारा एक हर्मिट क्रॅब निरीक्षणासाठी घरी आणला. पेटीचं झाकण नवऱ्याने लावलं, म्हणजे लावलंच नाही. सकाळी बाबांची बोंब, "अगं धाव! शंख चालतोय!"

चालत होता खरा. सासूबाईंनी किनाऱ्यावर वेचलेला, त्या गेल्यापासून बाबांच्या उशाशी असलेला शंख कपाटाकडे निघाला होता. पेटीतून निसटलेल्या स्वारीने आपलं तोकडं घर उशाशीच टाकून त्यात मुक्काम ठोकला होता.

"काढ त्या खेकड्याला!" बाबांच्या हातात चिमटा होता आणि डोळ्यांत पाणी. "तिची एवढी एकच वस्तू राहिलीय माझ्याकडे."

"खेकडा नाहीये तो, बाबा. खऱ्या खेकड्याचं पोट चपटं, छातीखाली दुमडलेलं असतं. याचं मऊ, पिळदार. गट वेगळा, अनोम्युरा. पण दोघंही डेकापोडा, दहा पायांवाले."

"इथे माझा जीव चाललाय आणि तू त्याची कुळकथा सांग!" तरी चष्मा लावून त्यांनी मोजलंच. "सहा आहेत. मला शिकवतेस?"

"बाकीचे चार आत आहेत, बारीकसे. घर धरून ठेवायला. ओढलंत तर तुटेल बिचारा, पण सोडणार नाही."

बाबांनी चिमटा टेबलावर ठेवला.

याला हुसकावता येत नाही, बरं घर दिसलं तरच निघतो. मग मी त्याला शंखासकट पेटीत ठेवलं आणि धावतपळत संग्रहालयातून रिकामे शंख आणून त्याच्याभोवती मांडले. बाबा स्टूल घेऊन समोर बसले. तो एकेका शंखात नांगी घालायचा, चाचपायचा आणि पाठ फिरवायचा.

"काय नखरे! फुकटचं घर आणि वर तोरा!" बाबा करवादले. माझ्या सुट्टीचं वाटोळं झालं होतं, मीही धुसफुसत होते.

संध्याकाळी एकदाचा तो सुळकन बाहेर आला. गुलाबी, उघडंनागडं, थरथरतं अंग क्षणभर दिसलं आणि शेजारच्या शंखात गडप झालं.

"अरेरे," बाबा म्हणाले, "एवढंसंच आहे की हे."

मी सासूबाईंचा शंख पुसून बाबांच्या हातात दिला. म्हटलं, सुटले बाई! बाबा तो तळहातावर घेऊन बसून राहिले. मग झाकण उघडून त्यांनी तो अलगद पेटीत ठेवला.

"अहो बाबा! मग दिवसभर एवढा आकांत कशासाठी केलात?"

"असू दे आत. वाटलं तर येईल पुन्हा राहायला." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "रिकामं घर खायला उठतं गं. ते उशाशी घेऊन किती दिवस झोपू?"