दारात अडवलेला गमछा

मी एक गमछा बोलतोय. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा, एका कडेने उसवलेला. माझ्या अंगाच्या वासाची मला कधी लाज वाटली नाही. पण एकदा त्याच वासापायी दवाखान्याच्या दारात माझी मान खाली गेली. तेच सांगायचं आहे.

हातमागावर विणलो गेलो आणि वैशाली नगरच्या बाजारातून राजदीप मेश्रामच्या खांद्यावर आलो. राजदीप भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये ठेकेदाराचा मजूर. कोळसा भाजून त्याचा कोक करणाऱ्या या भट्ट्यांच्या माथ्यावर पाय भाजतात आणि हवेत डांबर असतं. तिथे मी त्याच्या नाकातोंडाला बांधलेला असायचो. सुटी झाली की मी डबा बांधायचो, गाडीची सीट पुसायचो. माणसं माझ्याने काहीही पुसतात. फक्त डोळे पुसताना आधी आजूबाजूला बघतात.

त्याचे वडील धोंडबा याच भट्ट्यांवरून निवृत्त झाले. ते पक्क्या नोकरीत होते, सेक्टर सहाला क्वार्टर होतं. मुलाच्या वाट्याला क्वार्टर आलं नाही, आली ती फक्त वडिलांची शिकवण. त्यातली एक : डांबर साबणाचं ऐकत नाही, घासलेटचंच ऐकतं.

राजदीपची बायको संघमित्रा हिला आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच रक्तदाबाने झटका आला. ऑपरेशन करून मुलगी काढली. बाराशे दहा ग्रॅम. आईला ताप भरला म्हणून ती वरच्या मजल्यावर, आणि लेक खाली काचेच्या पेटीत, नाकात नळी. पेटीवर नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘संघमित्राचं बाळ’.

पहिला आठवडा राजदीप काचेबाहेरूनच बघत राहिला. मग कमलिनी सिस्टर बाहेर आल्या. त्या जवळच्याच चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या, बोलणं आमच्या घरच्यासारखंच.

“भाऊ, लेकराचा श्वास आता बरा चालून राहिला. पण वजन नाही वाढत. तिले माणसाच्या छातीची ऊब पाहिजे. आईले ताप आहे, म्हणून तुम्ही या.”

“मी? सिस्टर, मी तं भट्टीवरचा माणूस.”

“मंग ऊब तं भरपूरच असंल! उद्या आंघोळ करून या. छातीले बांधाले जुना, मऊ सुती कपडा आणा.”

जुना आणि मऊ म्हणजे मी! मला केवढा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपाळी बुडवून राजदीप अंगणात उभा राहिला. धोंडबांनी जपून ठेवलेली घासलेटची बाटली काढली.

“चांगला घास बे. नातीले डांबर नाही लागलं पाहिजे.”

“बाबा, कातडं निघून राहिलं माझं.”

“निघू दे. नवं येते.”

छाती, हात, मान. मग बादलीत मी. घासलेट, साबण, पुन्हा घासलेट, पुन्हा साबण. राजदीपला आणि मलाही वाटलं, इतकं स्वच्छ आपण आयुष्यात कधी झालो नव्हतो.

दवाखान्याच्या दारात कमलिनी सिस्टरांनी हात आडवा केला.

“काय लावून आले?”

“घासलेटनं धुतलं, सिस्टर. मलेही अन् याले पण.” त्याने मला पुढे केलं. तो शाबासकीची वाट बघत होता.

“अरे देवा! भाऊ, तिचं फुप्फुस केवढंसं? ही वाफ तिच्या नाकापाशी नेता का? नाही. आज नाही.”

राजदीपने माझी घडी केली, मोडली, पुन्हा केली. बाकावर बसलेल्या धोंडबांनी विचारलं, “कावून परत आला?” त्याने मला त्यांच्या हातात दिलं. धोंडबांनी मला हुंगलं आणि मांडीवर ठेवून घेतलं.

त्याच दुपारी मुलगी श्वास घ्यायची विसरली. आतलं यंत्र ओरडलं. सिस्टरांनी तळपायाला टिचकी मारली. दुसऱ्या टिचकीला ती रडली. नंतर त्यांनी बाहेर येऊन समजावलं, “तुमच्यामुळं नाही झालं. लवकर आलेले लेकरं श्वास विसरतात. छातीवर असले की कमी विसरतात.”

वजन अकराशे सत्तर झालं होतं.

धोंडबा उठले. “मी येतो. माझ्या अंगाले आता डांबर नाही.” एवढं बोलतानाच त्यांना खोकला आला, भट्टीवरच्या तीस वर्षांचा. सिस्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली. म्हातारा बसला. मग त्यांनी मला तोंडावर धरलं. खोकण्यासाठी नव्हे.

राजदीपला उमगलं. रोज भट्टीवर जायचं तर रोज डांबर आणि रोज तीच बाटली. तो सुपरवायझर भैयालालकडे गेला.

“पंधरा दिन बाहर का काम दे दो, भैया. झाडू भी चलेगा.”

“बाहर जगह नहीं है. छुट्टी चाहिए तो गेट पास जमा कर दो. बाद में देखेंगे.”

‘बाद में’ म्हणजे काय, हे ठेक्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. राजदीपने गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला.

वर जाऊन त्याने संघमित्राला सांगितलं. तिने त्याच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं केलं. आता जा तिच्यापाशी. इथं काय करून राहिले?”

सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे खोबरेल तेलाने उरलेलं डांबर सुटलं. मला तीनदा उकळलं, दोन दिवस उन्हात टाकलं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला नाकाशी धरलं आणि दार उघडलं.

लेकीला छातीवर घेतल्याचा आज नववा दिवस. मी राजदीपच्या पाठीवर गाठ मारून बसलोय, आणि माझ्या पोटात, त्याच्या उघड्या छातीला चिकटून, ती आहे. काल संघमित्राला चाकांच्या खुर्चीतून आणलं. तिने एका बोटाने लेकीची पाठ चाचपली आणि नवऱ्याला म्हणाली, “हालू नका, तिची झोप मोडंल.” वजन बाराशे साठ. परवा ती पुन्हा एकदा श्वास विसरली होती. भैयालालचा निरोप आलेला नाही.

लोकहो, बापाला दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवू नका. त्याला आत घ्या, काय करायचं ते नीट सांगा. आणि ज्यांच्या टेबलावर असे पास पडलेले असतात, त्यांनी ते ड्रॉवरमध्ये सारण्याआधी एकदा हातात धरून बघावेत. त्या पासांना माणसाच्या अंगाची ऊब असते.

मला आता जास्त बोलायचं नाही. ती श्वास घेते तेव्हा माझी गाठ किंचित ताणते, सोडते तेव्हा सैल होते. राजदीपचं सगळं लक्ष त्या गाठीकडे आहे, बोट तिच्या तळपायापाशी तयार आहे.

ताणली. सैल झाली.

आता पुन्हा ताणू दे.