वरच्या शेतात

"एलिनोर, बघ तरी! मासे आपणहून बादलीत येतायत!" गुडघाभर पाण्यात उभी राहून मेटा खिदळत होती.

एलिनोर धक्क्यावरून खाली उतरली. काठाशी चपट्या माशांची दाटी झाली होती आणि धक्क्याच्या खांबांवर खेकडे चढत होते.

"हसू नकोस," ती म्हणाली. "जीव घेऊन पळालेत ते. तळाशी श्वास घ्यायला काही उरलेलं नाही."

ऑगस्टचे अकरा दिवस वाऱ्याची झुळूक नव्हती. खाडी तेलासारखी पडून होती. शेतांतून वाहून आलेल्या खतावर शेवाळ माजलं, मेलं आणि तळाशी जाऊन कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊ लागलं.

एलिनोर आणि मेटा, दोघींनी अठ्ठावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात हेरिंग मासे साफ केले होते. कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या सहाजणींनी खाडीत वीस दोर सोडले. दोरांवर काळे शिंपले आपसूक धरले. ते पाणी गाळून जगायचे आणि त्यांच्यावर सहा घरं. शाळेचं स्वयंपाकघर आणि गावची खानावळ या बायकांचेच शिंपले घ्यायची. मागच्या वर्षी पाणी निवळून धक्क्यापाशी समुद्रगवत उगवलं, तेव्हा लहानपणानंतर पहिल्यांदाच ते पाहून एलिनोर तिथेच मटकन बसून रडली होती.

"दोर खाडीच्या तोंडाशी नेऊ," ती म्हणाली. "तिथे पाणी खेळतं असतं."

"वीस दोर? आपण सहा म्हाताऱ्या?"

"मग काय, बघत बसू?"

तीन होड्या निघाल्या. शिंपल्यांनी लगडलेला एकेक दोर बैलासारखा अडून बसायचा. दुपारपर्यंत जेमतेम तीन नेऊन झाले. आणि तेवढ्यात वारा सुटला.

"आला गं बाई, आला!" मेटाने दोन्ही हात वर केले. बाकीच्या हसल्या.

एलिनोरला वास आला. सडक्या अंड्यांचा. वाऱ्याने वरचं पाणी पलीकडे लोटलं होतं आणि तळाचं मेलेलं पाणी वर येत होतं, दुधट, पांढुरकं. तिने जवळचा दोर उचलला. शिंपल्यांची तोंडं उघडी पडत होती.

ती ओढतच राहिली. तळहातांची सालटं निघाली.

"एलिनोर, मेलेत गं ते," मेटा म्हणाली.

"हा दोर नाही मेला."

"सगळे मेलेत. सोड."

तिसऱ्या दिवशी तोंडाशी नेलेले तीन दोरही गेले.

पालिकेचा निरोप आला, मेलेला माल आठवड्यात पाण्याबाहेर काढा. काढला. धक्क्यावर काळा ढीग साचला, माश्या घोंघावू लागल्या. न्यायला कुणी तयार होईना. मेटा यायची बंद झाली. फोनवर एवढंच म्हणाली, "मला पुन्हा नाही जमायचं गं."

शनिवारी सकाळी ट्रॅक्टर आला. क्रेस्टनचा. उतारावर त्याची डुकरं आणि शेतं. दोन वर्षं तो आणि एलिनोर बोलत नव्हते. गावसभेत एलिनोर म्हणाली होती, "तुझ्या डुकरांची घाण नाल्याने खाडीत येते." त्याने विचारलं होतं, "आणि तुझ्या शिंपल्यांची घाण कुठे जाते? तीही तळाशीच ना?" या आठवड्यात तर तो प्रश्न तिला झोपू देत नव्हता.

क्रेस्टनने ढिगाकडे पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

"शेतात टाकतो. खत होईल."

दोघांनी फावडी घेतली. ट्रॉली भरेपर्यंत जेवणवेळ झाली. तो ट्रॅक्टरवर चढला.

"क्रेस्टन."

"काय?"

"नाल्याकडे नको टाकूस. वरच्या शेतात टाक."

"वर चढ आहे गं, एवढं वजन..." तो थांबला. तिच्या हातांना गुंडाळलेल्या चिंध्यांकडे त्याची नजर गेली. "बरं," तो म्हणाला.

ट्रॅक्टर घरघरत वरच्या रस्त्याला लागला. प्रत्येक हिसक्याला ट्रॉलीतून चार-दोन शिंपले रस्त्यावर सांडत होते. पाऊस आला की ते नाल्यातून पुन्हा खाडीत जाणार. एलिनोरने रिकामी बादली उचलली आणि वाकून एकेक वेचत ती त्याच्या मागोमाग चढ चढू लागली.