आठवं गणित

एक्स म्हणजे काय हे कस्तुराबाईंना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण अवयव पाडायचं गणित त्यांना बेतता यायचं. लग्नाच्या वर्षीच नवऱ्यानं, गणिताच्या सोपानराव सरांनी, शिकवलं होतं. कोणतेही दोन आकडे धरायचे, गुणाकार शेवटी लिहायचा, बेरीज मधल्या एक्सला लावायची, सुरुवातीला एक्सचा वर्ग टाकला की झालं. मूळचे दोन आकडे हुडकायचं काम पोरांचं. सर वह्या तपासण्यात बुडालेले असले की त्या भाकरी थापता थापता अशी वीस-वीस गणितं सांगायच्या.

सहा महिन्यांपूर्वी सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डोक्याला रोज काम द्या, असं शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून त्यांची अंघोळ, हाताला तेल, सदऱ्याची बटणं, गोळ्या आणि सकाळचं एक गणित, हे सगळं कस्तुराबाईंच्या अंगावर पडलं. कंबर मोडून यायची. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण विचारणारा प्रत्येक जण सरांचीच तब्येत विचारायचा.

त्यातच गेल्या आठवड्यात विक्रमचा फोन आला. सरांचा हा जुना विद्यार्थी वरवंडला क्लास चालवायचा. दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवायला रोज सकाळी एक तास या म्हणाला. "सर, हळू बोला, बसून शिकवा, पर या. गुरुवारपातूर सांगा."

इनामगावहून न्हावऱ्यापर्यंत जीप, तिथून चौफुल्याची एसटी, पुढं रिक्षा. सरांना हाताला धरून नेणार कोण, तर कस्तुराबाईच. वर्गाबाहेर तासभर बसायचं आणि तसंच माघारी यायचं. विक्रमच्या नुसत्या आवाजावर सरांचा चेहरा उजळलेला त्यांनी पाहिला आणि त्या गप्प बसल्या.

पण सरांनीच स्वतःला अट घातली. "आठ दिवस... आठ गणितं. एक जरी अडलं... तर न्हाई म्हणून सांगायचं."

सात गणितं सुटली. डाव्या हातानं, वेडीवाकडी, पण सुटली. रोज वहीवर बरोबरची खूण करताना कस्तुराबाईंच्या मनात येई, एखादं अडलं तर बरं होईल. खोटं कशाला सांगा, यायचंच.

गुरुवारी सकाळी दूध उतू गेलं, शेगडी पुसता पुसता त्यांनी आठवं गणित लिहून दिलं. एक्सचा वर्ग, अधिक सोळा एक्स, अधिक छप्पन्न. सर आठ वाजता बसले. दहा वाजले, चहा गार झाला. जेवायला हाक मारली तर त्यांनी मान वर केली नाही. दीड वाजता वही मिटली आणि स्वतःच विक्रमला फोन लावला.

"न्हाई... जमायचं, विक्रम."

विक्रम हळहळला. संध्याकाळी दुसऱ्या मास्तरांना कळवतो म्हणाला. सर भिंतीकडं तोंड करून झोपले. कस्तुराबाईंना वाईट वाटलं, पण त्या वाईटाच्या खालून असा काही सुटकेचा सुस्कारा आला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. जीप नाही, एसटी नाही. त्या चटईवर आडव्या झाल्या आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा भर दुपारी गाढ झोपल्या.

चार वाजता उठल्या. वही उचलून ठेवावी म्हणून हातात घेतली, तर पानं भरलेली. एक छप्पन्न, बेरीज सत्तावन्न. दोन अठ्ठावीस, तीस. चार चौदा, अठरा. सात आठ, पंधरा. खाली रेघ, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. पुन्हा तेच. अकरा वेळा. एकही बेरीज चुकलेली नव्हती.

मग त्यांच्या ध्यानात आलं. सकाळी त्यांनी सात आणि आठ धरले होते. बोटांवर मोजलं. पंधरा. त्यांनी सोळा लिहिले होते.

कुणालाही कळणार नव्हतं. वही आत टाकली की मिटलं. संध्याकाळ झाली की दुसरा मास्तर ठरला असता, आणि उद्या सकाळी उशिरापर्यंत लोळता आलं असतं. कस्तुराबाई वही घेऊन चांगली पाच मिनिटं शेगडीपाशी उभ्या राहिल्या. नवऱ्याचा त्यांना त्या क्षणी मनापासून राग आला, चुकीचं गणित त्यांनी एवढ्या सरळपणे अकरा-अकरा वेळा करावं म्हणून.

त्या जाऊन खाटेशी बसल्या. "अवो, उठा. ह्ये गणित माझं चुकलंय. पंधराच्या जागी सोळा पडले."

सरांनी वही घेतली. बघत राहिले. मग वर्गात बोलायचे त्या आवाजात, एकदाही न अडखळता म्हणाले, "गणित घालणाऱ्यानं आधी स्वतः ताळा करून बघायचा असतो. किती वर्षं सांगतोय?"

"चुकलं म्हणत्ये न्हवं. पर तुमी अकरा येळा कशाला केलं? एकदा न्हाई आलं, तवाच म्हणायचं का न्हाई, गणितच चुकीचं हाय म्हणून?"

सरांचा आवाज परत जड झाला. "सहा महिनं झालं... समदं माझंच चुकतंय. बटण माझं चुकतं... शब्द माझा चुकतो. तुझं चुकलं आसंल... ह्ये डोक्यातच आलं न्हाई गं."

कस्तुराबाई उठल्या. त्यांनी फोन आणून त्यांच्या डाव्या हातात दिला.

"लावा इक्रमला."

"तू दमतीस, कस्तुरा."

"व्हय, दमत्ये," त्या म्हणाल्या. त्या दमतात हे सहा महिन्यांत कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. "दमत्येच. तरी बी लावा."

सरांनी फोन लावला. विक्रमनं अजून कुणाला कळवलं नव्हतं. उद्यापासूनच या म्हणाला. सर त्याला विचारत होते, पोरांचं कुठवर झालंय, पाया कच्चा आहे का, आणि मधेच हसत होते. कस्तुराबाई पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या. त्यांना रडू फुटलं. आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं. पहाटे पाचला उठायचं होतं, म्हणून फुटलं.