लाकडाच्या जाळावरचं यंत्र

लग्नात वडिलांनी दिलेली आलुबुखाराची बाग ल्युबिंकाने बँकेकडे गहाण टाकली, हे गावाच्या आधी तिच्या नणंदेला कळलं. स्तानिया तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःचा नवरा गेल्यापासून ती माहेरीच, अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायची. सप्टेंबर लागला की दोघी नणंद-भावजय मिळून आयवार करायच्या. लाल, गोडसर मिरच्या लाकडाच्या जाळावर भाजायच्या, सोलायच्या, वाटून तेलात संध्याकाळपर्यंत घाटायच्या आणि बरण्या भरायच्या. जवळच्या लेस्कोवात्स शहराच्या बाजारात त्यांच्या बरण्या कधी उरल्या नव्हत्या.

"बाग गहाण! आणि कशासाठी, तर म्हणे भाजायचं-सोलायचं यंत्र!" स्तानिया दारातूनच कडाडली. "हात मोडलेत का गं तुझे?"

"मोडले नाहीत वन्सं, पण मोडायला आलेत. तुमचेही आलेत."

हे खोटं नव्हतं. गेल्या सप्टेंबरात ल्युबिंकाचं मनगट असं सुजलं होतं की तिला पावाचा तुकडा मोडता येईना. अंगणातल्या अक्रोडाखाली पूर्वी बारा-तेरा बायका मिरच्या सोलायला बसायच्या. त्यांच्या पोरी जर्मनीला गेल्या, मग नातवंडं सांभाळायला त्यांच्यातल्याही काही गेल्या. उरल्या चौघी, सगळ्या साठीच्या पुढच्या. आणि नेमकं त्याच वर्षी निश शहरातला दुकानदार राडिसाव म्हणाला होता, "ताई, दहापट माल द्या, मी विकतो." ल्युबिंका नाही म्हणाली. त्याच्या आदल्या वर्षीही ती आणखी कुणाला तरी नाही म्हणाली होती. परतताना बसमध्ये तिला वाटलं, नाही म्हणायची सवय जडली की धंदा आपोआपच आटतो, त्याला कुणी बुडवावं लागत नाही. यंदा तिने राडिसावला हो कळवलं आणि यंत्रासाठी बँक गाठली.

नवरा दोब्रिवोय भित्रा, पण भला माणूस. तो एवढंच म्हणाला, "बाग तुझ्या बापाची. मी काय बोलू?"

ऑगस्ट सरता सरता यंत्र आलं. शेजारच्या गावचा मिलुतिन ते बसवायला आला. मोठं लोखंडी पिंप, खाली गॅसचा जाळ, पुढे साल काढणारे ब्रश. पिंप गरगर फिरू लागलं आणि चौघींना दिवसभर पुरणारं काम न्याहारीच्या आत उरकलं. दोब्रिवोयने टाळ्या पिटल्या. स्तानियाच्या खोलीची खिडकी मात्र धाडकन लागली.

पहिली कढई घाटून झाली. ल्युबिंकाने पावाला आयवार लावून खाल्लं, आणखी एकदा खाल्लं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? झकास आहे की!" दोब्रिवोय म्हणाला.

"गोड आहे. रंग छान आहे. पण धुराचा वास कुठाय?"

"निशच्या लोकांना काय कळतंय!"

"मला कळतंय ना."

तिने राडिसावला फोन लावला आणि पहिला माल पाठवणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडून तो भडकला. "ताई, मी फळी रिकामी ठेवलीय तुमच्यासाठी! दोन आठवड्यांत माल नाही आला तर तिथे दुसऱ्याच्या बरण्या लागतील, मग माझ्याशी भांडू नका."

"नाही भांडणार," ल्युबिंका म्हणाली. तिने फोन ठेवला. ती पायरीवर बसली आणि समोरच्या त्या चकचकीत पिंपाकडे बघत राहिली. बाग डोळ्यांपुढे आली. वडिलांनी एकेक झाड लावलं होतं. त्या वेळी शेजारी त्यांनाही हसले होते, या जमिनीत काय उगवणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने मिलुतिनला बोलावलं. "गॅस काढ. खाली लाकडाची भट्टी लाव."

मिलुतिन हसला. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. "काकू, वॉरंटी गेली म्हणून समजा. पिंप वाकलं, ते फिरवणारा पट्टा जळला, तर कंपनी ढुंकूनही बघणार नाही."

"अगं, आहे ते तरी राहू दे!" दोब्रिवोय काकुळतीला आला. "अर्धी उडी मारलीस तेवढी पुरे की!"

"अर्धी उडी मारणारा विहिरीतच पडतो," ल्युबिंका म्हणाली. "काढ रे मिलुतिन."

विटा रचल्या, ओकची लाकडं आणली, जाळ केला. पहिल्यांदा पिंप तापलं तेव्हा बाहेरचा रंग फोड येऊन सोलून निघाला आणि अंगणभर काळा धूर कोंदला. मिलुतिन खोकत खोकत पट्ट्यावर ओलं फडकं टाकत होता. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि स्तानिया पाण्याची बादली घेऊन धावत आली.

"घर पेटवलंस! तरी मी सांगत होते..."

"वन्सं, पाणी नका टाकू! पिंपाला तडा जाईल!"

बादली हवेतच थांबली. पिंप फिरत होतं. आत मिरच्या तडतडत होत्या. मग धुराचा रंग बदलला, पांढरा झाला, आणि त्यातून तो खरपूस वास आला. स्तानियाने बादली खाली ठेवली. ल्युबिंकाने पाहिलं तर ती रडत होती.

"अहो वन्सं..."

"वास तोच आहे गं," स्तानिया म्हणाली. "पण आता मी सप्टेंबरात बसू कुठे? वर्षभर त्या एका महिन्याची वाट बघते मी. मिरच्या सोलायला काय जातं... चार माणसं बोलतात तरी माझ्याशी."

यंत्र घेताना ल्युबिंकाने पट्टा, ब्रश, गॅस सगळ्याचा विचार केला होता, याचा नव्हता. ती नणंदेशेजारी उभी राहिली. "कढया आता वाढतील. घाटायला याल?"

"माझे गुडघे बघ आणि मग विचार."

माल मुदतीत गेला. पट्टा एकदा जळालाच. दोब्रिवोयने निशपर्यंत धावपळ करून दुसरा आणला आणि वाटेत भेटेल त्याला "आमचं यंत्र, आमचं यंत्र" सांगत फिरला. राडिसावने पुन्हा माल मागवला, आणि तोही आवाजात साखर घोळून. बाग अजून गहाणच होती, सुटायला काही वर्षं लागणार होती. पण ल्युबिंकाला झोप लागत होती.

यंत्राची एक खोड मात्र जाईना. ब्रश कुठे कुठे सालीची चिटोरी सोडायचे. ती निवडायला अक्रोडाखाली पुन्हा टेबल मांडावं लागलं. त्या उरलेल्या चौघी आल्या, आणि एका सकाळी कुणी न बोलावता स्तानियाही आपली खुर्ची घेऊन आली. काम थोडं, बोलणं फार. मध्येच ती सालीचा तुकडा सुरीच्या टोकावर धरून ओरडायची, "ल्युबिंके! हे बघ, तुझ्या दीडशहाण्याने काय सोडलंय!" बाकीच्या खो खो हसायच्या.

मिलुतिन म्हणाला, "काकू, ब्रश जरा घट्ट करून देतो, एक साल राहणार नाही."

ल्युबिंकाने टेबलाकडे पाहिलं. धंदा वाढवायचा तर आज ना उद्या घट्ट करावेच लागणार, हे ती जाणून होती.

"हा हंगाम होऊ दे," ती म्हणाली, आणि कढईत उलथनं घालून घाटायला लागली.