उजव्या डोळ्याची आखणी

२०१७ साल. गणपतीला चार दिवस उरले होते आणि मला एकच धास्ती होती, जयवंतला दिसत नाही हे सगळ्यांना कळेल.

जयवंत माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघंही बिनलग्नाची, करी रोडच्या चाळीत एकाच खोलीत म्हातारी झालो. तरुणपणी तो गॅलरीत बसून गिरण्यांची चित्रं काढायचा, चिमणीची वीट न् वीट मोजता यावी अशी. गिरण्या पाडल्या, टॉवर उभे राहिले आणि हळूहळू त्याच्या चित्रांतल्या रेषा गेल्या. उरले नुसते रंग. राखाडी, गंजाचा तांबडा, मध्येच पांढरा धूर. लोकांना ती आवडली. गणपतीनंतर फोर्टात मोठं प्रदर्शन ठरलं होतं. ते भरवणारी, पूर्वी नावाची मुलगी, घरी येऊन म्हणाली होती, "काका, तुम्ही रेषेचा त्याग केलात, त्यावरच लिहिते मी." जयवंत नुसता हसला.

मला मात्र वर्षापूर्वीच त्याच्या रंगांच्या ट्यूबांना बांधलेले दोरे दिसले होते. पांढऱ्याला एक गाठ, निळ्याला दोन, तांबड्याला तीन. ट्यूबा होत्या तशा ठेवून मी गप्प बसले. विचारलं असतं तर त्याने ब्रश कायमचा खाली ठेवला असता.

पण चाळीच्या गणपतीचे डोळे तीस वर्षं तोच आखत होता. लालबागला भिवाच्या कारखान्यात मूर्ती रंगली की शेवटी डोळे जयवंतने काढायचे. त्या दिवशी मी हट्टाने बरोबर गेले.

"आज ताय पण इली? परीक्षा आसा काय रे तुझी?" भिवाने विचारलं.

"तिला वाटतं मी नुसता चहा पिऊन परत येईन," जयवंत म्हणाला.

मंडळाची माणसं मोबाइल धरून उभी होती. डावा डोळा नीट उतरला. तो अंगठ्याने कडा चाचपत होता, ते माझ्याच लक्षात आलं. उजव्याला ब्रश टेकला आणि उचलला. बुबुळ खाली सरकलं होतं. देव जमिनीकडे बघत होता.

"जरा वर," माझ्या तोंडून निघून गेलं.

मोबाइल माझ्याकडे वळले.

"किती वर, ताई?" जयवंत सावकाश म्हणाला. "आणि कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"वर्ष झालं."

त्याने ब्रश खाली ठेवला. भिवाने ओल्या फडक्याने डोळा पुसला. "मोबाइल खिशात घाला रे सगळ्यांनी. जयवंता, मी आखतंय. डोळो कसो व्हयो ता सांग." जयवंत सांगत गेला, भिवा आखत गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, पण वर्षापूर्वी आला असतात तर बरीच राहिली असती. घरी येऊन जयवंतने पूर्वीला फोन लावला. "त्यागबिग काही नाही, पोरी. समोरचं मला जसं दिसतं तसंच काढतो. निसर्गचित्रंच आहेत ती. तसं लिही, नाहीतर प्रदर्शन नको."

पूर्वीने तसंच लिहिलं. बोलावलेले निम्मे लोक आले नाहीत. ती आता बडोद्याला असते, दिवाळीला फोन करते. भिवा दोन वर्षांनी गेला. त्याची मुलगी प्रीती आता डोळे आखते आणि जयवंत शेजारी स्टुलावर बसून सांगतो. त्याला डाव्या डोळ्याने अजून उजेड कळतो, तेवढ्यावर तो रोज रंगवतो.

त्याच्या डोळ्यांत औषध घालायचं काम माझं. मान वर करून तो विचारतो, "हात का कापतोय गं ताई?"

थंडी आहे, मी सांगते. मे महिन्यातही तेच सांगते.