एकट्याचं ‘नाही’

रमोना पेरोने ते केलं होतं, याबद्दल ज्युरीतल्या आम्हा बारा जणांपैकी कुणालाच शंका नव्हती. ती घरोघरी जाऊन आजारी माणसांचं बघणारी नर्स. पेशंट गेला की त्याच्या फ्रिजमधलं उरलेलं इन्सुलिन नष्ट करायचं, असा नियम. ती ते उचलायची आणि ज्यांना परवडत नाही अशांच्या घरी देऊन यायची. साक्षीला उभी राहून तिने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सरकारी वकिलाला फार घाम गाळावाच लागला नाही.

मी रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. त्या आठवड्यात रात्री बर्फ आणि दिवसा कोर्ट. मुळात माझा स्वभाव गोड नाही, त्यात झोप नाही.

“कबूल केलंय ना तिने? मग बसलोय कशाला?” वेंडेल क्रॉकर म्हणाला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. ज्युरीचा प्रमुख कुणालाच व्हायचं नव्हतं, म्हणून तो झाला.

“कबूल केलं की तुरुंग, एवढंच असेल तर ही बारा टाळकी कशाला गोळा केली?” मी म्हणालो. “जजसाहेबांना एकट्याला जमलं असतं की.”

“लायल, तू शाळेतही असेच फाटे फोडायचास,” हॅस्केल बाई म्हणाल्या. अर्धं गाव त्यांच्या वर्गात बसलेलं, त्यामुळे ज्युरीच्या खोलीतही सगळे त्यांना बाईच म्हणत होते.

मी हट्टाने वेंडेलला जजसाहेबांकडे चिठ्ठी पाठवायला लावली. गुन्हा सिद्ध झाला तरी आम्ही रमोनाला सोडू शकतो का? त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि चष्मा काढून सांगितलं, “कायदा तुम्हाला पटो न पटो, मी सांगितला तसाच लावायचा. तशी शपथ घेतली आहे तुम्ही.” नाही लावला तर काय होईल, ते सांगतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यावर ते काही बोललेच नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्युरीने सोडलं तर का सोडलं, असं विचारायची सोयच नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, फक्त आम्हाला सांगायचं नव्हतं.

खोलीत परतल्यावर मी हे सांगितलं. कुणी वाद घातला नाही, हेच वाईट. वेंडेलने गार झालेल्या पिझ्झाचा तुकडा उचलला, परत ठेवला.

“मलाही ती चोर वाटत नाही रे,” तो म्हणाला. “पण शपथ म्हणजे शपथ. आणि बाहेर बघ, बर्फ पुन्हा सुरू झालाय. घरी जायचंय सगळ्यांना.”

अकरा जण माझ्याकडे बघत होते. राग असता तर मी भांडलो असतो. ते नुसते दमले होते, आणि मीही.

“लिही,” मी म्हणालो. “दोषी.”

कोर्टात वेंडेलने निकाल वाचला. रमोना शांत होती. तिने बोटातली अंगठी काढून मागे बसलेल्या बहिणीच्या हातात दिली. तुरुंगात चालत नाही, हे तिने आधीच विचारून ठेवलं असणार.

मग तिचा वकील, जो इतके दिवस झोपेत असल्यासारखा वाटला होता, उठून म्हणाला, “एकेकाला विचारावं, साहेब.” तशी पद्धत आहे. प्रत्येकाने उभं राहायचं आणि निकाल आपलाही आहे का ते सांगायचं.

हो. हो. हो. हॅस्केल बाईंनी हजेरी घेतल्यासारखं खणखणीत हो म्हटलं. मग मी उभा राहिलो.

“हा तुमचाही निकाल आहे का?”

“नाही.”

“काय म्हणालात?”

“नाही, साहेब. तिने केलं. पण मी नाही म्हणणार दोषी.”

मागून वेंडेलने माझ्या नावाने एक सणसणीत शिवी हासडली. मला मात्र हलकं वाटलं. एकाने नाही म्हटलं की रमोना सुटली, असंच मला वाटत होतं. आमच्या गावात सगळ्यांनाच तसं वाटतं.

आम्हाला परत खोलीत पाठवलं. मी बधलो नाही. अंधार पडायला लागला तेव्हा जजसाहेबांनी आमचं एकमत होत नाही असं नोंदवलं आणि आम्हाला मोकळं केलं.

मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. रमोना आली; ती अजून जामिनावरच होती. मला वाटलं, आता आभार मानेल. काय म्हणावं याची मी तयारीही केली, लाज वाटते सांगायला.

“तुम्हीच ना ते, नाही म्हणालेले?” तिने विचारलं. तिचा आवाज अगदी बसला होता.

“हो.”

“वकील म्हणतो, खटला पुन्हा चालवणार. पहिल्यापासून. परत सगळं सांगायचं, सगळ्यांच्या देखत.” तिने कोटाची कॉलर वर ओढली. “तुमच्याबरोबर आणखी किती जण होते?”

“कुणी नाही. मी एकटाच.”

तिने मान हलवली. मग फार जपून, नको ते मागत असल्यासारखं, तिने विचारलं, “पण पुढच्या वेळी तुम्ही असाल ना?”

“नाही,” मी म्हणालो. “पुढच्या वेळी नवे बारा असतात.”