मोठ्यानं वाच

तांब्या भरलेलाच होता. वाचताना पोरीला पेंग आली तर डोळ्यांवर मारायला म्हणून मालनबाई रोज पहाटे तो भरून ठेवायची, आणि आज त्यातलं पाणी काठोकाठ तसंच — म्हणजे पेंग आली नाही, की मुळात वाचलंच नाही? भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. बाहेरच्या खोलीतून आवाज येत नव्हता. यायचा नव्हताच, कालच तसं ठरलं होतं, तरी कान तिकडंच लागलेले.

भवानीनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा झाला की प्रियदर्शनीनं उठायचं आणि आईला चुलीपाशी ऐकू येईल असं वाचायचं, हा या घरातला आठवीपासूनचा शिरस्ता. मालनबाईला अक्षरओळख नव्हती. वहीत पोरगी गणित सोडवते की रांगोळी काढते, तिला काय कळणार? आवाज मात्र कळतो. सुरू आहे म्हणजे अभ्यास, पडला म्हणजे झोप... आणि पडला की ही आतून ओरडायची, "का गं, मुकी झालीस व्हय? मोठ्यानं वाच!" साऱ्या सणसर गावात ती मिरवायची, माझी पोरगी पाटाला पाणी सुटावं तशी वाचते. मिरवलं, चांगलं मिरवलं.

काल शाळेतून बोलावणं आलं. दहावीच्या पूर्वपरीक्षेत पोरगी गणितात आणि विज्ञानात नापास. मालनबाई पदर खोचूनच गेली होती — रोज या कानांनी ऐकते मी, नापास होईलच कशी? विज्ञानाच्या विजयमाला बाईंनी तिच्यादेखतच प्रियदर्शनीला विचारलं, ओले कपडे वाऱ्याला लवकर का वाळतात? पोरीनं बाष्पीभवनाचा धडा घडाघडा म्हणून दाखवला, श्वास न घेता, 'आकृती पाहा' यासकट. मालनबाईची छाती फुगली.

"ते झालं," बाई म्हणाल्या. "पण का वाळतात?"

पोरीनं धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केला.

"हुशार आहे हो, मालनबाई. पण हिला नुसती पाठ करायची सवय लागलीय. थोडं वाचायचं, थांबायचं, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहून बघायचं... ते हिनं कधी केलेलंच नाही."

"आन् थांबाया काय धाड भरली हुती तुला?" मालनबाई पोरीवर करवादली.

प्रियदर्शनी खाली बघत म्हणाली, "थांबले की तू वरडतीस."

एवढंच म्हणाली. घरी आल्यावर मालनबाईनं सांगून टाकलं, उद्यापासनं मनातच वाच. राग आला होता, आणि तो टाकायला जागा नव्हती. पोरीवर टाकावा तर तिनं आपलंच ऐकलं होतं, बाईंवर टाकावा तर त्या खरं बोलल्या... विहारात जो तो उठून सांगतो, पोरींना शिकवा. शिकतात कसं, ते कुणी सांगितलं? आपण पहाटे उठून, डोळे चोळत, मोठ्या मायेनं आपल्याच पोरीचं डोकं बंद ठेवलं. आणि परीक्षा मार्चात, दीड-दोन महिन्यांवर.

पिठाच्या हातांनी ती दारात आली. प्रियदर्शनी पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसली होती, पेनचं टोपण दातात धरून. विचार करत होती? की नुसतीच बसली होती? चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. ओठावर आलेली हाक मालनबाईनं गिळली.

तेवढ्यात पोरीनं वर पाहिलं. आई दिसली मात्र, ती दचकली, पुस्तक तिनं घाईघाईनं उघडलं आणि मोठ्यानं सुरू केलं, "द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस —"

"नगं," मालनबाई म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "मी काय वरडाया न्हाय आले. तुझं तू कर."

ती चुलीपाशी परतली तोवर तव्यावरची भाकरी करपली होती. तिनं ती उलटली नाही. इतकी वर्षं पोरीबरोबर तीही वाचत होती की, कानानं का होईना. भूगोलातल्या नद्या, कवितेची कडवी, अर्थ न लागता तिलाही पाठ झाली होती. पोरीच्या शिक्षणात तेवढाच तिचा वाटा होता, आणि तोच पोरीला बाधला. बाहेर शांत होतं. त्या शांततेत पोरगी शिकत असेल, नसेलही... मालनबाई कान देऊन बसली, आणि शिकली तरी आता आपल्याला ते कळणार नाही, हे तिला कळलं.